दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ म्हणणारा एसी मेकॅनिक: काम नीट कसं करून घ्यायचं आणि नाही केलं तर तक्रार कशी टिकवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, चार वर्षं जुना. दर एप्रिलमध्ये मेकॅनिक येतो, ‘गॅस कम है’ म्हणतो, भरून देतो आणि तीन-साडेतीन हजार घेऊन जातो. यंदा एप्रिलात भरलेला गॅस नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागायच्या आत गेला, परत भरला, परत तेच. कंपनीच्या सेवा केंद्रात तक्रार केली तर माणूस येऊन फिल्टर धुऊन गेला आणि तक्रार ‘निकाली’ दाखवली. आता काय करायचं?

आधी तातडीचं सांगतो. एसी थंड करत नसेल तर तो तसाच चालवत राहू नका. कॉम्प्रेसरची मोटर आतून वाहणाऱ्या गॅसवरच थंड राहते. गॅस कमी पडला की ती तापते, गॅसबरोबर फिरणारं तेलही पुरेसं परतत नाही, आणि काही हजारांत निपटणारं काम कॉम्प्रेसर बदलण्यापर्यंत जातं. दुरुस्ती होईपर्यंत कूलर लावा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो.

आता मूळ गोष्ट. एसीतला गॅस वापरला जात नाही, बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कारखान्यात भरलेला गॅस मशीनच्या आयुष्यभर पुरायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय, दुसरं कारण नसतं. गळती न शोधता गॅस भरणाऱ्याने तुमच्याकडून पुढच्या गळतीचे पैसे घेतले, इतकंच. तुमच्याकडे पूर्वी वर्षभर टिकणारा गॅस आता महिनाभरही टिकत नाही. म्हणजे गळती वाढली आहे, आणि वाढलेली गळती शोधायला सोपी असते. ‘छोटी गळती आहे, सापडणार नाही’ हे उत्तर तुमच्या बाबतीत मान्य करू नका.

पण त्याआधी गॅस खरोखरच कमी आहे का, हे तपासून घ्या. नागपुरात मे महिन्यात थंडावा कमी लागण्याची बरीच कारणं गॅसशी संबंधित नसतात आणि घाईतला मेकॅनिक ती पाहतच नाही. आपल्याकडे एसीची क्षमता बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश तापमान धरून मोजली जाते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४५ तर दरवर्षीचंच. अशा वेळी दीड टनाचं मशीन दीड टनाचं काम देत नाही. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली दुपारी ४ वाजता २४ अंशांवर येत नसेल तर दोष मशीनचाच असेल असं नाही.

दुसरं कारण आउटडोअर. मार्च-एप्रिलमधली धूळ आणि काटेसावरीचा कापूस त्याच्या मागच्या जाळीत अडकून गोधडीसारखा थर बसतो, तो बाहेरून पटकन दिसत नाही. शिवाय बऱ्याच इमारतींत तीन-चार आउटडोअर एकाच डक्टमध्ये एकावर एक बसवलेले असतात, खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. आउटडोअरच्या मागे थर्मामीटर धरा. बाहेर ४४ आणि तिथे ५० च्या वर दिसत असेल तर गॅस भरून काहीही बदलणार नाही. जागा बदलावी लागेल किंवा हवेला वाट करून द्यावी लागेल.

तिसरं, साध्या म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, उतरणं. बाहेरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, त्यामुळे आत नुसता वारा येतो. कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल आणि मीटर ३५ दाखवत असेल तर तो बदलायचा. काही शे रुपयांचं काम. इथेही ‘गॅस गेला’ किंवा ‘कॉम्प्रेसर गेला’ सांगितलं जातं. तुमच्या इन्व्हर्टर मशीनला हे लागू नाही, पण घरात दुसरा जुना एसी असेल तर लक्षात ठेवा.

मेकॅनिक गॅस कमी असल्याचे जे ‘पुरावे’ दाखवतो त्यातले दोन अजिबात ग्राह्य धरू नका. एक, मशीन बंद असताना गेज लावून दाखवलेला दाब. बंद मशीनमध्ये काटा फक्त बाहेरच्या तापमानानुसार थांबतो. आर-३२ गॅस असेल तर ४० अंशांना तो ३४५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो, आर-४१०ए ला थोडा कमी, जुन्या आर-२२ ला २०८ च्या आसपास. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी काटा तिथेच राहतो, त्यामुळे त्यावरून किती गॅस उरला आहे हे कळत नाही. दोन, ‘पाइपातून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस नाही’ हे वाक्य. मे महिन्यात आपल्याकडे हवेत ओलावाच इतका कमी असतो की निरोगी एसीतूनही पाणी जेमतेम टपकतं. तोच एसी जुलैमध्ये बादली भरतो.

खरा अंदाज चालू मशीनवरून येतो. तापमान १६-१७ वर, पंखा जोरात, दारं बंद, आणि २० मिनिटं थांबायचं. मग इनडोअरच्या वरून आत जाणारी हवा आणि खालून बाहेर पडणारी हवा, दोन्हींचं तापमान मोजायचं. फरक ८ ते १२ अंश असावा, कोरड्या मे महिन्यात याहून थोडा जास्तही मिळतो. फरक ४-५ च असेल आणि फिल्टर व आउटडोअर दोन्ही स्वच्छ असतील, तर गॅसचा संशय रास्त आहे. बर्फ धरत असेल तर तो कुठून सुरू होतो ते बघा. आउटडोअरच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर आणि इनडोअर कॉइलच्या एका कोपऱ्यातच बर्फ असेल तर गॅस कमी. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ आणि जाड नळीही गोठलेली असेल तर हवा अडली आहे, म्हणजे फिल्टर किंवा ब्लोअर घाण आहे. इनडोअर ब्लोअरच्या पात्यांवरची काळी लेप बसलेली धूळ वरवरच्या सर्व्हिसमध्ये कधीच निघत नाही. टॉर्च मारून स्वतः बघा.

साध्या एसीत क्लॅम्प मीटरनेही (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) बरंच कळतं. आउटडोअरच्या पट्टीवर किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. कॉम्प्रेसर चालू असूनही ४५ अंशांच्या उन्हात करंट त्या आकड्याच्या बराच खाली असेल तर गॅस कमी आहे. इन्व्हर्टरमध्ये ही खूण चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर स्वतःच वेग कमीजास्त करतो. नेमक्या याच कारणाने इन्व्हर्टर एसीत गेजचा काटा पाहून गॅस भरणंही चूक आहे. पाच मिनिटांनी वेग बदलला की दाबही बदलतो.

आता काम कसं व्हायला हवं. मेकॅनिक येण्यापूर्वीच फोनवर तीन वस्तू विचारा: नायट्रोजनचं सिलिंडर रेग्युलेटरसह, व्हॅक्यूम पंप, आणि डिजिटल वजनकाटा. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर त्याला बोलावू नका. हातात गेज आणि पिशवीत गॅसचा छोटा कॅन घेऊन आलेला माणूस कितीही भला असला तरी हे काम करू शकत नाही.

गळती शोधण्यासाठी उरलेला गॅस काढून नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरतात. दाब साधारण ३०० ते ४०० पीएसआय, पण मशीनच्या पट्टीवर दिलेल्या कमाल दाबापेक्षा जास्त कधीच नाही. मग सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि काट्यावर खूण करून किमान अर्धा तास थांबायचं. गळती बारीक असेल तर संध्याकाळी दाब लावून सकाळी पाहणं उत्तम. मात्र रात्री तापमान १० अंशांनी उतरलं तर ३५० चा काटा गळती नसतानाही दहा-बारा पीएसआयने खाली येतो, तेवढा फरक धरू नका. नायट्रोजनऐवजी कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर लावत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो. आर-३२ स्वतःही थोडा ज्वलनशील आहे, म्हणून आत गॅस असताना नळीला गॅस-टॉर्च लावून वेल्डिंग करू देऊ नका.

गळती बहुतेकदा फ्लेअर नटवर सापडते. नळीचं टोक फुलवून, म्हणजे फ्लेअर काढून, ते या नटाने घट्ट बसवतात. आउटडोअरच्या बाजूला दोन पितळी नट असतात, दीड टनाच्या मशीनला बहुधा पाव इंची आणि अर्धा इंची नळीचे. त्यावरचं टेप आणि फोम काढून नीट बघा. नटाभोवती तेलकट, काळपट धूळ चिकटलेली असेल तर गळती तिथेच आहे, कारण गॅसबरोबर तेलही पाझरतं. हे पाहायला कुठलंच उपकरण लागत नाही. जोड खराब होण्याची कारणं बसवतानाच तयार होतात: नळी कटरऐवजी करवतीने कापली, कापल्यावर आत राहिलेली धारदार कड काढली नाही, फ्लेअर वाकडा आला, किंवा एकच पाना लावून नट आवळला आणि नळीला पीळ बसला. दोन पाने लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने आवळायचं. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंचीला ५० ते ६० इतकाच टॉर्क (आवळण्याचा जोर) हवा. जास्त ताकद लावली की फ्लेअरला चीर जाते, ती लगेच दिसत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात गळते. उपाय नट आणखी आवळणं हा नसतो. नळीचं टोक कापून नवा फ्लेअर काढायचा.

दुसरी जागा इनडोअरची तांब्याची कॉइल. तिच्यात सुईच्या टोकाहून बारीक भोकं पडतात, आणि त्याला ऍसिडयुक्त द्रावणाने केलेली धुलाईही जबाबदार असते. ‘केमिकल वॉश’ म्हणून कुणी तीव्र वासाचं काही फवारत असेल तर बाटलीवरचं नाव वाचा. एसी कॉइलसाठी बनवलेलं क्लीनर नसेल तर वापरू देऊ नका. कॉइलला अशी भोकं पडली की डाग देऊन भागत नाही, एक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. तिथे कॉइलच बदलावी लागते. चार वर्षांच्या मशीनला तो खर्च करावा की नवा एसी घ्यावा, हे कॉइलचा लेखी भाव हातात आल्यावरच ठरवा. तिसरी जागा सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन. दरवर्षी गेज लावून-काढून ती झिजते आणि वरचं पितळी टोपण हरवलेलं असेल तर तिथूनच गॅस जात राहतो. दर एप्रिलला गॅस भरलेल्या मशीनमध्ये ही जागा नक्की तपासायला सांगा.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. इथे सगळ्यात जास्त पाट्या टाकल्या जातात. पंप लावल्यावर गेजचा काटा दोन-तीन मिनिटांतच शून्याखाली शेवटपर्यंत जातो आणि मेकॅनिक ‘झालं’ म्हणतो. हवा निघालेली असते, नळीतला ओलावा निघालेला नसतो. तो वाफ होऊन बाहेर यायला पंप किमान अर्धा तास चालायला हवा आणि मायक्रॉन गेजवर (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मीटर) ५०० किंवा त्याखाली आकडा यायला हवा. मग पंप बंद करून दहा मिनिटं पाहायचं. आकडा भराभर चढत राहिला तर गळती आहे, थोडा चढून थांबला तर ओलावा आहे. आर-३२ आणि आर-४१०ए च्या मशीनमधलं तेल पाणी पटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्शुलेशन खातं. मशीन दोन वर्षांनी जळतं तेव्हा त्या दिवशीचा वाचवलेला अर्धा तास कुणाला आठवत नाही. काही जण पंप लावतच नाहीत, थोडा गॅस सोडून ‘हवा काढतात’. हे चालवून घेऊ नका.

शेवटी गॅस वजनावर. किती भरायचा तो आकडा आउटडोअरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये छापलेला असतो. नळी मूळ लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे दर मीटरला थोडा वाढीव, पाव इंची नळीला बहुधा २० ग्रॅमच्या आसपास. सिलिंडर काट्यावर ठेवून भरण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, दोन्हींचा फोटो घ्या. सिलिंडरवर गॅसचं नाव आणि पट्टीवरचं नाव एकच असल्याचाही. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, ते सिलिंडरमधून द्रवरूपातच सोडावं लागतं.

हे सगळं धरून दोन ते तीन तास लागतात. मे महिन्यात छज्जावर उभा राहून ४५ अंशांत काम करणाऱ्या, दिवसभरात घरामागून घर उरकणाऱ्या आणि प्रत्येक फेरीमागे पैसे मिळणाऱ्या माणसाकडून तीन तासांचं काम अर्ध्या तासाच्या पैशात होणार नाही, हे मान्य करायला हवं. त्याला वेळेचे पैसे वेगळे द्या आणि काम फेब्रुवारीत, होळीच्या आधी करून घ्या. पण एकदा पूर्ण कामाचे पैसे दिले की पूर्ण कामाचा हिशेब मागणं हा तुमचा हक्क आहे.

तो हिशेब कागदावर आणायचा. बिलात ‘गॅस चार्जिंग’ एवढंच नको. गळती कुठे सापडली, नायट्रोजनचा दाब किती आणि किती वेळ, व्हॅक्यूम किती, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, गळती परत झाल्यास किती दिवसांची हमी, हे पाच मुद्दे हवेत. छापील बिल नसेल तर त्याच्या व्हॉट्सॲपवर तुम्हीच लिहून पाठवा: ‘भाऊ, आज आपण जाड नळीचा फ्लेअर नवीन काढला, अमुक ग्रॅम आर-३२ भरला, इतके रुपये दिले, ९० दिवसांत गळती झाली तर मोफत, बरोबर ना?’ त्याचं ‘हो’ हा तुमचा पुरावा. पैसे यूपीआयने द्या. आणि बिल मागूनही न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, हे शांतपणे सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी बिल निघतं.

कंपनीच्या सेवा केंद्राचं थोडं वेगळं आहे. तिथे तक्रार बंद करायला ग्राहकाच्या फोनवर ओटीपी येतो, आणि तंत्रज्ञ ‘साहेब, फक्त कोड सांगा, उद्या पार्ट आणतो’ म्हणून तो काम होण्याआधीच मागतो. कोड सांगितला की त्यांच्या नोंदीत तक्रार सुटलेली असते आणि उद्या कुणीही येत नाही. मशीन २० मिनिटं चालवून, दोन्ही तापमानं मोजून फरक पटल्यावरच कोड द्या. पार्ट यायचा असेल तर तक्रार ‘पार्टसाठी प्रलंबित’ ठेवायला सांगा आणि जॉब शीटवर त्याचं निदान त्याच्याच हस्ताक्षरात घ्या.

तुमची तक्रार चुकीची बंद झाली आहे, तेव्हा फोन करत बसू नका. ॲपवर किंवा ईमेलने नवी तक्रार नोंदवा, जुना क्रमांक द्या आणि मजकूर आकड्यांत ठेवा: गॅस कोणत्या तारखांना भरला, किती पैसे गेले, हवेतला फरक किती अंश, नटावरच्या तेलाचा फोटो, आणि ‘नायट्रोजन चाचणी करून गळतीची जागा लेखी कळवा’ ही एकच मागणी. ‘तुमची सेवा बेकार आहे’ या वाक्याला ठरलेली माफी मिळते, नेमक्या मागणीला नेमकं उत्तर द्यावं लागतं. वॉरंटी कार्डही काढून बघा. कॉम्प्रेसरची हमी १० वर्षांची असली तरी कॉइल आणि गॅसची हमी बहुधा वेगळी आणि कमी असते, आणि बाहेरच्या मेकॅनिकने मशीन उघडल्याचं कारण कंपनी पुढे करू शकते.

मेकॅनिक एखाद्या ॲपवरून बोलावला असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्या ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. त्याचं नाव ॲपमध्येच दिलेलं असतं, थेट त्यालाच लिहा. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती न्यायालय नाही, आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोचवते आणि मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारीला सेवा केंद्रापेक्षा लवकर उत्तर देतात. गल्लीतल्या एकट्या मेकॅनिकवर तिचा फारसा परिणाम होत नाही.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही नागपुरात राहता, म्हणून कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी तक्रार नागपूरच्याच आयोगात करता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या बाबतीत या वर्षीचे दोन्ही गॅस भरणे आणि काम न करता बंद केलेली तक्रार हे मुदतीत आहेतच. मागण्या तीन ठेवा: गॅस भरण्याचे घेतलेले पैसे परत, गळतीची दुरुस्ती किंवा तिचा खर्च, आणि त्रासाबद्दल व तक्रारीच्या खर्चाबद्दल वाजवी रक्कम. अर्ज करण्याआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांचा अवधी द्या आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. मशीनची गळती दुरुस्त करायची घाई असेल तर आधी कंपनीला लेखी कळवून, तेलाचे डाग, गेज आणि पट्टीचे फोटो काढून, दुसऱ्या मेकॅनिककडून गळती नेमकी कुठे होती हे बिलावर लिहून घ्या आणि मगच दुरुस्त करा. कापलेला जुना फ्लेअर किंवा काढलेली कॉइल भंगारात देऊ नका. आयोगासमोर तुमच्या बाजूने बोलणारा तोच सगळ्यात भक्कम पुरावा असतो.